वास्तुकलेचे विद्यार्थी आणि वर्ध्याची माती

सत्राच्या अखेरीस वास्तुकला महाविद्यालयांच्या भिंती आराखड्यांनी भरून जातात. कोणी संग्रहालय रेखाटलेले असते, कोणी ग्रंथालय, कोणी मुलींचे वसतिगृह, तर कोणी कामगारांची वसाहत. पुठ्ठ्याच्या आणि लाकडाच्या पातळ फळ्यांच्या प्रतिकृती टेबलांवर मांडलेल्या असतात. ज्यांना विद्यार्थी ‘ज्यूरी’ म्हणतात ते परीक्षक एकेका आराखड्यापुढे थांबतात, प्रश्न विचारतात, गुण देतात आणि निघून जातात. मग त्या कागदांच्या सुरळ्या होतात व पुढे त्या कोठे जातात हे कोणी विचारीत नाही. ज्या समाजासाठी ते ग्रंथालय वा ते वसतिगृह कल्पिलेले होते, त्या समाजाला तर त्याचा पत्ताही नसतो.

हा प्रश्न केवळ एका व्यवसायाचा आहे, असे मानणे बरोबर होणार नाही. शिक्षक ज्या वर्गात शिकवितो, लिपिक ज्या कचेरीत आयुष्याची तीस वर्षे काढतो, विद्यार्थी ज्या वसतिगृहात परीक्षेचा अभ्यास करतो, त्या साऱ्या वास्तू कोणीतरी आधी कागदावर आखलेल्या असतात. पश्चिमेच्या उन्हाने दुपारी भट्टीसारखी तापणारी वर्गखोली, अर्जदाराला उभे राहावयास सावली नसलेली कचेरी, रुग्णाच्या नातेवाइकांनी जिन्याखाली पथारी पसरावी अशी रुग्णालये आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहेत की, त्यांत काही चुकले आहे असेही आपणांस वाटेनासे झाले आहे. दोष द्यावयाचा झाल्यास आपण तो कंत्राटदाराला किंवा सरकारी खात्याला देऊन मोकळे होतो. परंतु वापरणाऱ्या माणसाचा विचार बाजूला ठेवून इमारत आखण्याची सवय प्रथम कोठे लागते, याचा शोध घेतला तर आपण त्या आराखड्यांनी भरलेल्या भिंतींपाशीच येऊन पोहोचतो. म्हणून विद्यार्थ्याला अभ्यासासाठी कोणता विषय दिला जातो व कोणत्या अटींवर दिला जातो, हा सार्वजनिक चर्चेचा विषय असावयास हवा.

अटींविना कल्पना

आपल्याकडील वास्तुकलेच्या शिक्षणाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८९६ मध्ये आरेखकांचा वर्ग निघाला आणि १९१३ मध्ये वास्तुकलेचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. १९७२ च्या कायद्याने वास्तुविशारदांची नोंदणी आणि त्यांच्या शिक्षणाचा किमान दर्जा या गोष्टी एका परिषदेकडे आल्या. पाच वर्षांच्या या शिक्षणक्रमाचा कणा म्हणजे ‘डिझाइन’ हा विषय. बांधकामशास्त्र, इतिहास, वातानुकूलन, अंदाजपत्रक हे बाकीचे विषय त्याच्या भोवती उभे असतात. पहिल्या वर्षी एखादी लहानशी खोली, मग घर, शाळा, रुग्णालय अशा चढत्या क्रमाने विद्यार्थी जातो आणि पाचव्या वर्षी स्वतः निवडलेल्या विषयावर प्रबंधात्मक आराखडा सादर करतो. पुस्तकातले उत्तर पाठ करून येथे भागत नाही. प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते आणि चारचौघांत उभे राहून त्याचे समर्थन करावे लागते. आपल्या एकूण शिक्षणव्यवस्थेत हे भाग्य फार थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

अडचण आहे ती वेगळीच. विषयपत्रिकेत जागा दिलेली असते, पण ती बहुधा नावापुरती. दोनशे खोल्यांचे वसतिगृह म्हटले की दोनशे खोल्या मांडल्या जातात. ते बांधण्यास पैसा किती लागेल, खाली जमीन कोणती आहे, गवंड्याला काय येते, पाच वर्षांनी छपराची डागडुजी कोण करील, हे प्रश्न निकालाला फारसे बाधत नाहीत. संगणकाच्या कृपेने सकाळी कल्पिलेला काचेचा मनोरा संध्याकाळी रंगीत चित्रात झळकू लागतो. त्या चित्रातील आकाश नेहमी निळे असते आणि उन्हाला चटका नसतो. तोच मनोरा मुंबईत, इंदूरला किंवा हिंगणघाटला उभा केला तरी चित्रात काहीच फरक पडत नाही.

यावर अध्यापकांचे म्हणणे असे असते की, विद्यार्थिदशेत तरी कल्पनेला मोकळे सोडले पाहिजे. पैशाच्या आणि नियमांच्या बेड्या पुढे आयुष्यभर आहेतच. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अटी म्हणजे बेड्या, हे गृहीतच तपासून पाहावयास हवे. ते तपासण्याची उत्तम जागा वर्धा जिल्ह्यात आहे.

सेवाग्रामची विषयपत्रिका

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात आले. पुढे १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथे घर बांधण्याची देखरेख मीराबेन यांच्याकडे होती. मूळच्या मॅडेलिन स्लेड असलेल्या मीराबेन एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याच्या कन्या. वास्तुकलेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. घरासाठी घातलेल्या अटी मात्र आजच्या कोणत्याही विषयपत्रिकेपेक्षा कडक होत्या. साहित्य आसपासचे हवे, कारागीर गावातले हवेत आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत बसला पाहिजे, असे आश्रमात सांगितले जाते. त्यातून ‘आदि निवास’ उभे राहिले आणि सुरुवातीला सर्व मंडळी त्याच एका घरात कोपरे वाटून घेऊन राहिली. आज जी ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाते ती मुळात मीराबेनसाठी बांधलेली झोपडी होती; गांधीजी तेथे नंतर राहावयास गेले.

या कुटीत वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने शिकण्यासारखे काय आहे? लाकडी खांब, कुडाच्या व मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि वर कवेलूंचे उतरते छप्पर, एवढाच तिचा संसार. पण हे छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येऊन खाली उतरते. त्यामुळे मातीच्या भिंतीवर ना ऊन थेट पडते ना पाऊस. भोवतीच्या ओसरीमुळे आत शिरणारी हवा आधी सावलीतून येते. भिंतींवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडे, मोर आणि चरखा एवढीच सजावट. बैठकीची, पाहुण्यांची, रुग्णाची आणि स्नानाची जागा अगदी मोजून दिलेली. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच तो ठराव केला, ज्यातून पुढे ‘भारत छोडो’ची घोषणा झाली, त्या दिवसांत देशाच्या कारभाराची सूत्रे या सारवलेल्या जमिनीवर बसून हलविली जात होती. वास्तूचे महत्त्व तिच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा धडा याहून स्पष्टपणे कोठे मिळणार? १९७८ च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले तेव्हा या कुटीत बसून त्यांनी जे चिंतन केले, तेच तेथील परिषदेतील त्यांच्या भाषणाचा विषय झाले. माणसाचे घर आणि सामान साठविण्याची वखार यांतला भेद त्यांना तेथे जाणवला होता.

याचा अर्थ विद्यार्थ्यांनी आता झोपड्यांचे आराखडे काढावेत, असा मुळीच नाही. मातीच्या भिंतीला दरवर्षी हात फिरवावा लागतो, कवेलू पावसाळ्यापूर्वी फेरावे लागतात आणि हे काम घरातील बाईच्याच पदरी पडते. गावातील माणसाला पक्के घर हवे असेल तर ती त्याची हौस नसून वर्षानुवर्षांच्या कष्टांतून सुटण्याची इच्छा आहे. तिची थट्टा करण्याचा अधिकार शहरात सिमेंटच्या घरात राहणाऱ्यांना नाही. कुटीपासून घ्यावयाची आहे ती रीत: अटी आधी नीट समजून घ्यावयाच्या आणि उत्तर त्या अटींतूनच काढावयाचे. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये वर्ध्यात स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने हीच रीत पुढे नेली. कुंभाराच्या चाकावर होणाऱ्या निमुळत्या नळ्या भाजून, त्या एकीत एक बसवून कमानदार छत उभारण्याची पद्धत या केंद्राने घडविली. अशा छताला लोखंड आणि सिमेंट कमी लागते आणि गावातल्या कुंभाराला काम मिळते. विटांच्या साध्या, काटकसरी इमारतींसाठी केरळात ख्यातकीर्त झालेले लॉरी बेकर (१९१७–२००७) तरुणपणी मुंबईत गांधीजींना भेटले होते. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे, हा गांधीजींचा आग्रह आपल्या कामाची दिशा ठरवून गेला, असे ते आवर्जून सांगत.

तीन वास्तू, तीन उत्तरे

खेड्यातल्या घराला हे ठीक आहे, पण मोठ्या इमारतींचे काय, अशी शंका येथे कोणी घेईल. सार्वजनिक, शैक्षणिक आणि निवासी या तिन्ही प्रकारांत आपल्याच मंडळींनी तिचे उत्तर देऊन ठेवले आहे.

सार्वजनिक वास्तूचे उदाहरण साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय. चार्ल्स कोरिया यांच्याकडे हे काम आले तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. १९६३ मध्ये पुऱ्या झालेल्या या संग्रहालयात भव्य घुमट नाही की दर्शनी मनोरा नाही. सहा मीटर लांबी-रुंदीचे चौक, विटांचे खांब, कौलारू छपरे, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा आणि मधोमध पाण्याचा चौक. काही चौक झाकलेले, काही उघडे. शेजारच्या आश्रमातील घरांचाच हा विस्तार. शिवाय पुढे गरज पडली तर आणखी चौक जोडता यावेत, अशी सोय पहिल्याच आराखड्यात होती.

शैक्षणिक वास्तूसाठी कानपूरच्या आयआयटीकडे पाहावे. तिचे रचनाकार अच्युत कानविंदे (१९१६–२००२) हे कोकणातल्या आचऱ्याचे. ज. जी. मध्ये शिकून ते हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली गेले आणि आधुनिक वास्तुकलेचे संस्कार घेऊन परतले. पण उत्तर प्रदेशातील उन्हाळ्यात विद्यार्थी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो कसा, हा साधा प्रश्न त्यांनी मध्यवर्ती मानला. छप्पर असलेल्या पायवाटांनी विभाग एकमेकांना जोडले गेले आणि ग्रंथालयाला मध्यभागी स्थान मिळाले. तेथे इमारतींइतकेच महत्त्व त्यांच्या मधल्या सावलीला आहे.

निवासी वास्तूत इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीचा उल्लेख अपरिहार्य आहे. तिचे रचनाकार बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांचा जन्म पुण्याचा आणि आरंभीचे शिक्षण ज. जी. मधले. १९८० च्या दशकात सुमारे ६,५०० भूखंडांची ही वसाहत आखताना त्यांनी गरिबाला पूर्ण घर देण्याचा अट्टहास केला नाही. जोते, संडास-न्हाणीघर आणि जमल्यास एक खोली एवढे त्याच्या हाती दिले. बाकीचे घर त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना केली. पायऱ्या, ओटे, गच्च्या यांतून प्रत्येकाचे घर निराळे झाले. दोशींना २०१८ मध्ये प्रिट्झकर हा या क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला, तो मिळविणारे ते पहिले भारतीय.

हे तिघेही जगाच्या वास्तुकलेशी उत्तम परिचित होते. ऊन, पैसा आणि माणसाची चालण्या-बसण्याची सवय या अटी त्यांनी झुगारल्या नाहीत. त्यांच्या कल्पनेला त्या अटींनीच आकार दिला.

वर्धा जिल्हा हीच प्रयोगशाळा

आता या दृष्टीने वर्धा जिल्ह्याकडे पाहू. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर अशा आठ तालुक्यांत पसरलेली ही कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे जातात, हे येथील प्रत्येक गवंडी सांगेल. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. अशा ठिकाणी सिमेंटच्या सपाट छताखालची वर्गखोली दुपारी शिकविण्याच्या कामाची राहत नाही. छपराखाली पोकळी किती सोडावी, व्हरांडा कोणत्या बाजूस घ्यावा, खिडकीवरची पडदी किती पुढे यावी, कडुनिंबाचे झाड कोठे लावावे, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने काढली तर तो कोणत्याही चित्रापेक्षा मोठा अभ्यास होईल.

विषयांचीही येथे वाण नाही. घरकुलाचेच उदाहरण घ्या. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आणि सपाट प्रदेशासाठी अनुदान १ लाख २० हजार रुपये ठरले. पंचवीस चौरस मीटर म्हणजे साधारण दोनशे सत्तर चौरस फूट. एवढ्यात शेतकरी कुटुंबाने कापूस कोठे साठवावा, बैल वा शेळी कोठे बांधावी, म्हातारीची खाट कोठे पडावी आणि शाळकरी मुलीने अभ्यासाला कोठे बसावे? पाचव्या वर्षाच्या हुशार विद्यार्थ्यालाही घाम फोडील असा हा विषय आहे. पण आंतरराष्ट्रीय विमानतळाचा आराखडा काढणारे पुष्कळ भेटतात, दोनशे सत्तर चौरस फुटांशी झगडणारे थोडे.

घरकुलानंतर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तालुक्याच्या गावचे बसस्थानक आहे, कापूस विकावयास आलेल्या शेतकऱ्याने रात्र काढावयाची बाजार समिती आहे, रुग्णालयाबाहेर दिवसेंदिवस थांबणाऱ्या नातेवाइकांचा निवारा आहे. या वास्तूंना आराखडाकार मिळतो तो ठरावीक नमुन्याच्या नकाशापुरता. तो नकाशा कोकणातल्या पावसात आणि विदर्भाच्या उन्हात सारखाच लागू केला जातो.

नई तालीमच्या गावी

हातांनी काम करता करता शिकण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ची योजना निघाली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा तपशील ठरविला. उद्योग हेच शिक्षणाचे माध्यम असावे, हे तिचे सूत्र होते. देशाच्या शाळांनी ती योजना पेलली नाही, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मात्र आपल्या नकळत वास्तुकलेचा ‘स्टुडिओ’ त्या सूत्राच्या सर्वांत जवळ जाऊन बसला आहे. त्याला कमी आहे ती खऱ्या कामाची.

हे खरे काम अभ्यासक्रमात कसे आणावे, याचा नमुनाही सेवाग्रामलाच आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रवेश मिळालेला विद्यार्थी प्रथम आश्रमातील शिबिरात राहतो. त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात. रोगाची तोंडओळख त्याला पुस्तकाआधी घरात होते. डॉक्टर होणाऱ्याने रुग्णाचे घर पाहिले पाहिजे, हे ज्या जिल्ह्याने सिद्ध केले, तेथे घर बांधावयास शिकणाऱ्याने घरात राहणारा माणूस पाहिला पाहिजे, हे सांगण्याची वेळ यावी, हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

नागपुरातील वास्तुकला महाविद्यालये येथून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी एका सत्रापुरता एक तालुका घ्यावा. विद्यार्थ्यांनी आधी तेथील चार जुनी घरे आणि एक सार्वजनिक इमारत मोजून त्यांचे नकाशे करावेत, लोकांशी बोलावे आणि मगच पेन्सिल हाती घ्यावी. अंदाजपत्रकाला आणि देखभालीच्या खर्चाला स्वतंत्र गुण असावेत. परीक्षण महाविद्यालयात न करता त्या गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत करावे. परीक्षकांत एक गवंडी, एक शिक्षिका आणि बांधकाम खात्याचा एक अभियंता असावा. शेवटी आराखड्यांची एक प्रत गावात राहावी, म्हणजे पुढे निधी येईल तेव्हा नमुन्याच्या नकाशाला पर्याय म्हणून काही तरी हाताशी असेल.

यावर आक्षेप येणारच. विद्यार्थ्यांचे आराखडे थेट बांधकामासाठी वापरता येणार नाहीत, कारण इमारत पडली तर जबाबदारी कोणाची? हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच नोंदणीकृत वास्तुविशारदाने व अभियंत्याने तपासल्याशिवाय एकही वीट रचली जाऊ नये. विद्यार्थ्यांच्या नावाखाली फुकटात काम उरकून घेण्याची सरकारी खात्यांना सवय लागेल, ही भीतीही अनाठायी नाही. तेव्हा प्रत्यक्ष वापरलेल्या आराखड्याचे मानधन ठरवून दिले पाहिजे. गावकऱ्यांना दरवर्षी आश्वासने मिळून हाती काहीच आले नाही तर त्यांचा विश्वास उडेल, हा धोका सर्वांत मोठा. त्यासाठी पहिल्याच दिवशी गावाला स्पष्ट सांगितले पाहिजे की, विद्यार्थी शिकावयास आले आहेत, बांधून द्यावयास नाहीत. एवढे खरे बोलले तर गाव समजून घेते.

राहिला प्रश्न कल्पनाशक्तीचा. अटींनी ती कोमेजेल अशी ज्यांना धास्ती वाटते त्यांनी एकदा सेवाग्रामला जाऊन ती कुटी मोजावी आणि मग साबरमतीचे संग्रहालय पाहावे. वर्ध्याच्या एखाद्या शाळेत पुढच्या दहा वर्षांत मुलांना दुपारी दोन वाजताही सावलीत बसून गणित सोडविता आले, तर त्या वर्गखोलीचा पहिला आराखडा कोणा विद्यार्थ्याने त्याच गावात बसून काढलेला असावा. त्याला ज्यूरीने किती गुण दिले होते, हे तोवर कोणाच्या लक्षातही राहिलेले नसेल.